द्वारका चौकाच्या पुढे

कुंदनने इंजिनातून काढलेला प्लग फडक्यावर ठेवला आणि फडकं मोहिनीबाईंसमोर धरलं.

"बघा आजी. चुलीतनं काढल्यासारखा झालाय."

प्लगचं टोक काळंभोर होतं. मोहिनीबाईंनी बोट लावलं तर कोरडी काजळी आली. दवाखान्यात तपासणी करून परत येताना गाडी इंदिरानगरच्या सिग्नलला आचके देत बंद पडली होती. ती ढकलत या गॅरेजपर्यंत आणून त्यांचा मुलगा रोहित समोरच्या टपरीवर चहा आणायला गेला होता.

"कार्बन साठलाय," कुंदन म्हणाला. "साफ करून देतो. पेट्रोलमध्ये टाकायला औषधपण देतो. पण गाडी जरा मोठ्या रस्त्याला पळवत जा. नुसती भाजी आणायची, नायतर जागेवर चालू ठेवून एसी खात बसायचं, मग असंच होणार."

"पळवतो की! एक रविवार आड मालेगावला जातो हा, माझ्या बहिणीकडे."

कुंदन हसला. "हिच्यातनं? आजी, ही गाडी नाशिकबाहेर सोडा, द्वारका चौकाच्या पुढे गेलेली नाय. लिहून देतो."

मोहिनीबाई हसल्या नाहीत. त्यांचे वडील गोटीराम मिस्त्री. मालेगावला त्यांचं गॅरेज होतं. परकराच्या वयात मोहिनीबाई आणि त्यांची थोरली बहीण आक्का दारात बसून पिस्टनवरचा कार्बन खरवडायच्या, बांबूच्या चिपाटीने, म्हणजे ओरखडा उठत नाही. इंजिनाला अधूनमधून दमवावं, घाम फुटला की मळ आपोआप निघतो, असं बाबा म्हणायचे. आक्का तर प्लग बघून सांगायची, ही गाडी धुळ्याहून आली की नुसती बाजारातून. लांब पळालेल्या गाडीचा प्लग भाजलेल्या शेंगदाण्यासारखा तांबूस असतो. हे तिनेच शिकवलं होतं. पुढे सगळंच तिने शिकवलं. बाबा गेल्याची तार नाशिकला उशिरा पोचली आणि मोहिनीबाई मालेगावला उतरल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. आक्काने त्यांना मोरीत बसवलं आणि डोक्यावर पाणी ओतलं. "उशिरा का होईना, कळलं की अंघोळ करायची मोहने. त्याशिवाय माणूस सुटत नाही."

आता आक्का एकटीच त्या घरात राहत होती. कान गेल्यापासून तिला फोनचा उपयोग नव्हता. दिवाळीत मोहिनीबाईंच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा प्रवास बंद झाला. मग डबा घेऊन रोहित एकटाच जाऊ लागला. सकाळी निघायचा, दिवेलागणीला परतायचा. आक्काच्या आवडीच्या पुरणपोळ्या जायच्या आणि निरोप यायचे. संक्रांतीला त्याने निरोप आणला, "मावशी म्हणाली, मोहनीला सांग, तिळगुळाचा पाक पुढे गेलाय, माझे उरलेले दात पाडायचे आहेत का तिला!" मोहिनीबाई दोन दिवस आठवून आठवून हसत होत्या. सून स्नेहलही हसली होती.

त्यांनी पुन्हा प्लगकडे पाहिलं.

म्हणजे पोरगा गेलाच नाही. आक्का उंबऱ्यात बसून रस्त्याकडे डोळे लावत असेल. दिसतं अजून तिला, गाडीचा रंग ओळखते ती. बहिणीनेही टाकलं म्हणत असेल. मग पुरणपोळ्यांचा तो डबा कुठे जात होता?

डबा. तो कधी रिकामा परत आला नव्हता. रिकामा डबा परत देऊ नये, हा आक्काचा नेम. ती त्यात गुळाचा खडा घालून पाठवायची. दिवाळीपासून मात्र गुळाऐवजी साखर येत होती. त्यांनी विचारलं तेव्हा रोहित म्हणाला होता, "मावशी म्हणते, हल्ली गूळ चांगला मिळत नाही." मालेगावला गूळ मिळत नाही! तेव्हाही त्यांना ते खटकलं होतं, पण पोराच्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला.

आणि आक्का वाट बघत बसेल? शेजारच्या पोराला एसटीत बसवून तिने कधीच पाठवलं असतं, मोहनी मेली का जिती ते बघून ये म्हणून. इतके महिने गप्प बसणारी बाई नव्हती ती.

मोहिनीबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

रोहित चहाचे ग्लास घेऊन आला. फडक्यावरचा प्लग त्याला दिसला, मग आईचा चेहरा. तो जागीच थांबला.

"दिवसभर कुठे बसायचास रे?"

त्याने कुंदनकडे पाहिलं. कुंदन बॉनेटमध्ये वाकला.

"गाडीतच," रोहित हळूच म्हणाला. "जॉगिंग ट्रॅकपाशी. एसी लावून."

"आणि पोळ्या?"

"पहिल्यांदा खाल्ली एक. मग नाही खाववली. गाईला घालायचो."

"साखर?"

"स्नेहल घालायची."

"आणि ते दात पाडायचं?"

रोहितने ग्लास खाली ठेवले. "तू विचारायचीस ना, काय म्हणाली, काय म्हणाली... आई, डॉक्टरांनीच सांगितलं होतं, तू आयसीयूत होतीस, तेव्हा धक्का..."

मोहिनीबाईंनी हात वर केला. त्यांनी काजळी लागलेलं बोट पदराला पुसलं नाही. तसंच धरून त्या उठल्या.

"रिक्षा बोलाव," त्या म्हणाल्या. "आणि स्नेहलला फोन कर, पाणी काढून ठेव म्हणावं. मला डोक्यावरून अंघोळ करायची आहे."