पेनितुसींचा हात

पाऊस पडून पाच महिने झाले, तेव्हा बेटाच्या परिषदेची प्रमुख पुआकेना हिनं सार्वजनिक टाकीला कुलूप ठोकलं आणि घरटी रोज दोनच बादल्या द्यायला सुरुवात केली. त्यावरून आज सभाघरात तिच्यावर अविश्वास ठराव आला होता.

“पाद्रीबाबांनासुद्धा दोनच बादल्या? लाज कशी वाटत नाही!” मागून कोणीतरी ओरडलं.

“अंघोळीला समुद्र आहे की त्यांनाही,” पुआकेना म्हणाली. “ आणि राजीनामा मागू नका, मिळणार नाही. पाडायचंय ना? मग माझ्यासमोर हात वर करून पाडा.”

परिषदेच्या सात सदस्यांपैकी तिघांचे हात ठरावाच्या बाजूनं वर झाले, तिघांचे विरोधात. उरले म्हातारे पेनितुसी. चटईकडे बघत त्यांनी ठरावाच्या बाजूनं उजवा हात कसाबसा कानापर्यंत उचलला.

“मत देताय की डोकं खाजवताय, आजोबा?” पुआकेना म्हणाली. “नीट वर करा.”

सभाघर हसलं. म्हाताऱ्यानं ओठ आवळले आणि हात थेट छपराकडे नेला. ठराव मंजूर झाला.

पुआकेनानं गळ्यातली टाकीची किल्ली काढून चटईवर ठेवली. मग पेनितुसींपाशी जाऊन, तो हात खाली यायच्या आत, तिनं त्यांचा खांदा चाचपला.

“गेला की नाही वर? माडावरून पडलात तेव्हा घास तोंडाशी नेता येत नव्हता. उद्या सकाळी मालिशला या, अजून जरा अडकतोय. प्रमुखपद गेलं, पण बेटावरची नर्स मीच आहे. तिथूनही काढायचं असेल, तर दुसरा ठराव आणा.”