कालची मोटर

"काल का आला नाहीत, मावशी? तांड्यावरच्या बायका तुमच्यासाठी फाट्यावर उभ्या होत्या," तिकीट फाडत कंडक्टर म्हणाला.

मानीबाईनं गाठोड्यातली इवलीशी टोपी काढून दाखवली. "हिले आरसे लावून राह्यलती. मनलं, एका दिवसानं काय होते?"

तिच्या लेकीचं, भुरीचं, पहिलंच बाळंतपण. लवकर या, असा निरोप विहिणीनं, सुखीबाईनं, परवा याच मोटरवर धाडला होता. राळेगावकडं दिवसातून एकच मोटर. कालची तिनं टोपीपायी सोडली. आता जीव खालीवर होत होता. मेल्या आरशांवाचून काय अडलं होतं?

वाटेत एका फाट्यावर एक बंजारा बाई उतरली. तिथल्या बायकांनी तिच्या गळ्यात पडून असा गळा काढला, की कंडक्टरनं डोक्यावरची टोपीच काढली. बिचारा साताऱ्याकडचा, महिन्यापूर्वी बदलून आलेला.

"कोण गेलं हो?"

मोटरभर हशा पिकला.

"कोनी नाही गेलं, भाऊ," मानीबाई म्हणाली. "आमच्यात पाहुनी आली का असंच रडून भेटतेत. मंग तिले तांब्याभर पानी देतेत. पानी देल्लं का रडनं बंद."

खरंच, तांब्या पुढं आला आणि बायका खिदळू लागल्या. कंडक्टरनं कपाळावर हात मारला.

पुढं नाल्यात चाक रुतलं. बापे ढकलत होते, मानीबाईनंही खांदा लावला. तासभर मोटर हलेना. ती चिखलात उभी राहून रडली, तेव्हा मात्र कोणी हसलं नाही.

तिचा फाटा आला तेव्हा उन्हं कलली होती. सुखीबाई चार बायकांसोबत उभी होती. मानीबाई उतरताच सगळ्या तिच्या गळ्यात पडल्या आणि सूर लागला.

"रडा मावशी, पोटभर रडा!" कंडक्टर दारातून हसत ओरडला. घंटी वाजली, मोटर निघून गेली.

मानीबाई मनसोक्त रडली. पोचले एकदाची, म्हणून रडली. मग तिनं डोळे पुसले, नव्या आरशांची टोपी सुखीबाईच्या हातात ठेवली आणि पाण्यासाठी ओंजळ पुढं केली.

बायकांचं रडणं थांबेना. ओंजळ तशीच राहिली.

तांब्या कोणी आणलाच नव्हता.