पिशवीतले थेंब

"सर, थेंब आलेत! जांभळाने पाणी सोडलं!" डोंगरावरच्या निरीक्षण केंद्रातून शकुंतला कोकरे फोनवर जवळजवळ ओरडलीच.

रोज सकाळी ती जांभळाच्या फांदीला प्लॅस्टिकची पिशवी बांधायची. पूर्वी दुपारपर्यंत पानांच्या वाफेचं पेलाभर पाणी तिच्यात साचायचं. मग हवेत कार्बन डायऑक्साइड इतका वाढला, की पानांना आपली छिद्रं फारशी उघडायची गरजच उरली नाही. झाडं हिरवीगार राहिली, पण वाफ सोडेनाशी झाली. ढग धरेनात, झरे आटले, खालचं गाव उठून गेलं. केंद्रावर शकुंतला एकटी उरली.

"पिशवी कधी बांधलीत?" शहरातून बर्वे सरांनी विचारलं.

"आत्ताच. थंडीने चिकटून बसली होती मेली, म्हणून फुंकून उघडली आणि..."

बोलता बोलता तोंडातून निघालेली वाफ तिला थंड हवेत दिसली.

फोन ठेवून ती झाडाखाली आली. पिशवीत बारीक थेंब अजून चमकत होते. पिशवी सोडायला तिने हात वर केला, गाठ थोडी सैल केली, आणि आत आणखी एक फुंकर घातली.