लाल बटण

खोक्यात नऊ कॅसेट होत्या. आठांना बुरशी लागली होती. इचलकरंजीच्या गणपतीत, सत्याऐंशी साली, आईने ऑर्केस्ट्रासोबत गायलेलं गाणं नवव्या कॅसेटवर होतं. त्याचं रिमिक्स आता प्रत्येक वरातीत वाजतं आणि कंपनीने त्यावर ‘गीत पारंपरिक, मूळ गायिका अज्ञात’ असं छापलंय. मूळ गायिकेचं नाव ऐकू येईल असं जुनं रेकॉर्डिंग दाखवा, मग बदलू, असं त्यांनी कळवलं होतं. ते नाव गाण्याआधीच्या निवेदनात होतं, कॅसेटच्या अगदी सुरुवातीला.

मी रेकॉर्ड करायला मोबाइल लावेपर्यंत आईने टेपरेकॉर्डरची दोन बटणं एकदम दाबली. रियाज टेप करायची तिची जुनी सवय. पण त्यातल्या लाल बटणाने आधीचं पुसलं जातं.

“आई, लाल का दाबलंस?”

तिने हात मागे घेतला. “बंद कर गं आधी.”

मी बंद केलं. फीत मागे नेऊ लागले, तर तिने माझं मनगट धरलं.

“नको ऐकूस. शेजारीण म्हणतेच, काकू, रिमिक्सवालीची नक्कल झकास करता. करते म्हणावं नक्कल. ठेव ते खोक्यात.”

फीत सुरुवातीला येऊन थांबली. मी दुसऱ्या हाताने मोबाइलवरचं घड्याळ सुरू केलं आणि वाजवायचं बटण दाबलं.

चार सेकंद खरखर. मग माझा आवाज, मग तिचा. पुन्हा खरखर.

अकरा सेकंद पुसले गेले होते. बाराव्याला निवेदक म्हणाला, “...आणि गातायत प्रमिला खारगे.”