पणजोबांची सही

डोळे पुरते जायच्या आत आजीला तिच्या वडिलांची सही एकदा बघायची होती. ती होती सरकारी कचेरीतल्या जुन्या रजिस्टरात. नातीनं नऊ खेटे घातले, तरी कारकुनाचं पालुपद एकच, "मॅडम, नात्याचा पुरावा आणा!"

वैतागून तिनं डीएनए चाचणीच केली, तर निकालात जवळचा नातेवाईक कोण निघावा? हाच कारकून! त्यानंही कधीतरी गंमत म्हणून त्याच कंपनीकडे तपासायला थुंकी पाठवली होती.

दहाव्या खेपेला तिनं अहवाल टेबलावर आपटला. "घ्या पुरावा! तुमचे-माझे पणजोबा एकच!"

त्यानं तो दोनदा वाचला. गहिवरला. खुर्ची दिली, चहा मागवला. मग रजिस्टर उचललं आणि कपाटात ठेवून कुलूप घातलं.

"ताई, आता तर मुळीच नाही. नातेवाइकांची कामं करायला आम्हाला सक्त मनाई आहे."