कोरी कबर

मावशीने वेचलेले दोन खडे माझ्या तळहातावर ठेवले. नवगावच्या या उंचवट्यांखाली गलबत फुटून बुडालेले आमच्या पहिल्या पूर्वजांचे सोबती पुरले आहेत, असं आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, मानतो. शेजारी स्मारकाचा खांब आहे. नावं मात्र कुणाचीच उरलेली नाहीत.

"नावं नाहीत, तरी लोक खडे ठेवून जातात," मावशी म्हणाली. "आणि माझ्या बहिणीचं, मिल्काचं, नाव असून तिची कबर कोरी."

आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्ष भरायच्या आत कबरीवर नावाचा दगड बसवायचा असतो.

"दगडावर कोरायला तिला शोभेल अशी ओळ सापडत नाही गं, मावशी. किती पुस्तकं चाळली."

"चाळ सावकाश. तुझी वाट बघायची तिला सवयच होती."

एक खडा मी उंचवट्यावर ठेवला. दुसरा आईसाठी मुठीत धरला आणि फाटकाबाहेर येऊन पाथरवटाला फोन लावला.

"ठरला का मजकूर, बाई?"

"फक्त नाव कोरा."

"आणि खाली? दगड मुलीने बसवला, असं लिहितात. तुमचं नाव सांगा."

मावशी माझ्याकडे बघत होती.

"फक्त आईचंच लिहा," मी म्हटलं. "माझं नको."