दुसरा वाघ

ठमाबाईच्या कमरेसाठी चामोर्शीच्या डॉक्टरांनी पंधरा दिवस आराम सांगितला, तेव्हा ती हसली होती. "डाक्टरसायेब, मंग सरपणाले तुमी जासान का?"

पुढच्याच आठवड्यात एक वाघ माणसांच्या अंगावर धावून येऊ लागला आणि जंगल बंद झालं. मोळीला जाणाऱ्या बाया घरी बसल्या. चुलीत कुंपणाची लाकडं गेली. ठमाबाई आठ दिवस दुपारची झोपली. नवव्या दिवशी तिने नातीला उचलून कडेवर घेतलं, वर्षभरात पहिल्यांदा.

त्याच संध्याकाळी वाघ पिंजऱ्यात अडकला. गावाने फटाके फोडले. वनरक्षकाने चौकात सांगितलं, "जंगल उद्यापासून खुलं."

नात अजून कडेवरच होती. ठमाबाई पुढे झाली. "सायेब, दुसरा बी हाय. नाल्यापाशी. मले दिसला."

"कधी?"

"आज सकाळी."

वनरक्षकाने बाकीच्या बायांकडे पाहिलं. नऊ दिवस अंगणाबाहेर न पडलेली सुगंधाबाई म्हणाली, "मले बी दिसला." मागून दोघी-तिघी बोलल्या, "आमाले बी."

वनरक्षक समजुतीने म्हणाला, "बाई, जंगल हाय तर वाघ राहीनच. उद्यापासून एकटीनं नोका जाऊ. साऱ्याजणी मिळून जात जा."

ठमाबाईने नातीला खाली ठेवलं.